वेग दुप्पट, हवेचा रोध चौपट

सपाट रस्त्यावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडली की ती हळूहळू थांबते. थांबवणारी बलं मुख्यतः दोन, आणि त्यांचे स्वभाव अगदी वेगळे आहेत.

पहिलं टायरचं. फिरताना रस्त्याला टेकलेला भाग दबतो, पुन्हा फुगतो, आणि दर वेळी थोडी ऊर्जा रबरात उष्णता होऊन जाते. हवा कमी असेल तर टायर जास्त दबतो, म्हणून हा रोधही वाढतो. १२०० किलो वस्तुमानाच्या मोटारीला तो साधारण १२० न्यूटन (न्यूटन हे बलाचं एकक) असतो आणि नेहमीच्या वेगांत फारसा बदलत नाही.

हवेचं तसं नाही. वेग दुप्पट केला की दर सेकंदाला दुप्पट हवा बाजूला सारावी लागते, शिवाय तिला दुप्पट वेगानं ढकलावं लागतं. म्हणून रोध चौपट. त्याच मोटारीला ताशी ५० किमी वेगानं हवा सुमारे ७५ न्यूटननं अडवते. १०० ला हाच आकडा ३०० वर जातो. ताशी साठेकच्या आसपास दोन्ही रोध सारखे होतात आणि त्यापुढे हवेचा वरचढ ठरतो. म्हणजे ५० ऐवजी १०० नं गेलात तर तेवढ्याच अंतरासाठी या दोन रोधांवर खर्च होणारी ऊर्जा दुपटीहून जास्त लागते. हायवेवर खिडक्या उघड्या ठेवणं किंवा टपावर सामान बांधणं महागात पडतं ते यामुळेच.

घर्षणाला शत्रू मानणं मात्र चुकीचं आहे. गाडी पुढे जाते, वळते, थांबते ती टायर आणि रस्ता यांच्यातल्या पकडीवरच. घर्षणांक, म्हणजे पकड किती घट्ट हे सांगणारा आकडा, ०.७ धरला, तर कोरड्या रस्त्यावर ताशी ६० वरून ब्रेक लागल्यावर थांबायला सुमारे २० मीटर लागतात. ओल्या रस्त्यावर ०.४ झाला की ३५ मीटर. चालकाला ब्रेक दाबायला लागणारा वेळ यात धरलेला नाही. चाक लॉक होऊन घसरू लागलं तर पकड सहसा आणखी कमी होते, कारण घसरतानाचं घर्षण हे स्थिर पकडीच्या कमाल घर्षणापेक्षा कमी असतं. त्याहून वाईट म्हणजे स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही. एबीएस (अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टीम) चाकाला लॉक होऊ देत नाही, ते याचसाठी.

हवेचा रोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणजे वेग दुप्पट तर रोध चौपट, हा नियम घरीही पडताळता येतो. वर्तमानपत्रातून २० सेंटिमीटर व्यासाची पाच वर्तुळं कापा. प्रत्येकाला कडेपासून मध्यापर्यंत एक काप द्या, कडेला ३-४ सेंटिमीटर एकावर एक घेऊन चिकटवा. पाच उथळ शंकू तयार होतील. चार एकात एक बसवून २ मीटरवरून आणि एकटा १ मीटरवरून, दोन्ही टोक खाली ठेवून एकाच वेळी सोडा. हवेचा रोध वजनाइतका झाला की पडण्याचा वेग वाढायचा थांबतो; तो अंतिम वेग. वजन चौपट, म्हणून अंतिम वेग दुप्पट. दोन्ही जवळजवळ एकदमच जमिनीला टेकतात. चारांचा गठ्ठा किंचित मागे राहील, कारण अंतिम वेग गाठेपर्यंत त्याला जास्त अंतर लागतं. जाड कागद वापरला तर हा फरक वाढतो. पंखा बंद ठेवा, आणि शंकू कलंडला तर तो प्रयत्न मोजू नका, कारण आडव्या शंकूला हवा वेगळ्याच प्रकारे अडवते.