बटण, अस्तर आणि रंग: चामड्याचं काम बिघडलं तर आधी हे वाचा

नमस्कार.

आमच्याकडून चामडं, बटणं, कड्या, रंग नेणारे तुम्ही बहुतेक जण घरी हौसेनं काम करता. कुणी डोंबिवलीच्या दोन खोल्यांत जेवणाच्या टेबलावर, कुणी गोरेगावला ग्रिल लावलेल्या गॅलरीत. वस्तू बिघडली की पिशवीत घालून दुकानात आणता आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "अजून माझा हात बसला नाही."

हे पत्रक त्या वाक्यापायी लिहिलं आहे. हात बसायला वेळ लागतो, हे खरंच. पण आमच्या टेबलावर येणाऱ्या वस्तूंमध्ये हाताची चूक थोडी आणि क्रमाची चूक फार दिसते. बटण निखळतं म्हणून तुम्ही बटण बदलता आणि कारण असतं अस्तराच्या जाडीत. अस्तर सुटतं म्हणून चिकटद्रव्य बदलता आणि कारण असतं न वाळलेल्या रंगात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. म्हणून तिन्हींची माहिती एकाच कागदावर दिली आहे, वेगवेगळी केली नाही.

आमच्याकडे चालणारा क्रम असा: कापून घेतलं की आधी रंग, मग तो पूर्ण वाळणं, कोरड्या कापडानं घासणं, थोडं तेल, वरचं फिनिश (रंगावरचा संरक्षक थर). त्यानंतर ज्यांची पाठ अस्तराखाली झाकायची आहे ती मॅग्नेटची बटणं. मग अस्तर. मग शिलाई. ज्यांचा पोस्ट (बटणाची मधली धातूची नळी) अस्तरातूनही आरपार जातो ती टिचबटणं अस्तर लागल्यावर, आणि कडा घोटणं (घासून गुळगुळीत करणं) सर्वांत शेवटी. एकदा हा क्रम अंगवळणी पडला की पुढे लिहिलेल्यापैकी निम्म्या अडचणी तुमच्या वाट्याला येणार नाहीत.

टिचबटण बसत नाही किंवा बसून निखळतं

याच्या तक्रारी सर्वांत जास्त येतात, म्हणून जरा सविस्तर.

टिचबटणाचे चार भाग असतात. वरची टोपी आणि तिला बसणारी वाटी ही एक जोडी. खालचा पोस्ट आणि त्यावरचा बोंडासारखा भाग ही दुसरी. टोपीचा पोस्ट चामड्यातून वर आला की सुमारे ३ मिमी दिसायला हवा. सेटरचा (बटण ठोकायच्या दांड्याचा) ठोका बसला की पोस्टचं तोंड फुलासारखं उमलतं आणि वाटी धरून ठेवतं. पोस्ट जास्त लांब असेल तर तो उमलण्याआधीच एका बाजूला वाकतो. बटण तिरपं बसतं आणि लागताना कुरकुरतं. आखूड असेल तर जेमतेम कडा पकडतो. दुकानात ठीक वाटतं आणि आठवड्याभरात हातात येतं.

आता यातली खरी गोम. तुम्ही उरलेल्या तुकड्यावर बटण लावून बघता, ते छान बसतं, आणि पाकिटावर मात्र फसतं. कारण तुकड्याला अस्तर नव्हतं. १.२ मिमीच्या चामड्याला ०.८ मिमीचं अस्तर लागलं की जाडी २ मिमी होते, आणि आधी पुरणारा पोस्ट आखूड पडतो. चाचणीचा तुकडा नेहमी अस्तरासकट, चिकटवलेला आणि वाळलेला घ्या. सुरुवातीला आमच्या किटमध्येही आम्ही एकाच लांबीचे पोस्ट देत होतो आणि अस्तर लावणाऱ्यांची बटणं निघत होती. ती आमची चूक होती. आता दोन लांबींचे पोस्ट देतो. पोस्टच्या पुडीवर लहान-मोठं लिहिलेलं आहे, ते बघून वापरा.

पोस्ट लांब असेल तर आत चामड्याची छोटी चकती घाला. आखूड असेल तर बटणापुरती जागा आतून रापीनं (चामडं तासायच्या सुरीनं) तासून पातळ करा. भोक पोस्टला जेमतेम बसेल एवढंच हवं. मोठं भोक पडलं की पोस्ट डगमगतो आणि ठोका सरळ लागत नाही. बकरीचं मऊ, पातळ चामडं असेल तर दोन थरांच्या मध्ये कॅनव्हासचा तुकडा घाला, नाहीतर बटण शाबूत राहील आणि चामडंच फाटेल.

ठोका देताना खाली काय आहे, हे हातोड्याइतकंच महत्त्वाचं. टेबलाच्या मधोमध फळी लवते आणि अर्धा जोर तीच खाऊन टाकते. टेबलाच्या पायाच्या बरोबर वर ग्रॅनाइटचा जाड तुकडा ठेवा. किचनच्या ओट्याचं काम चालू असेल तिथं असे तुकडे उरलेले असतात. त्याखाली जुनी रबरी मॅट घातलीत तर खालच्या मजल्यावरून कुणी वर येणार नाही. सेटर उभा धरा, दोन-तीन सरळ, नेमके ठोके द्या. मग टोपी बोटांत धरून फिरवून बघा. फिरली तर बसलेली नाही. आणखी एक ठोका हवा.

वाकडं बसलेलं बटण सरळ करण्याच्या भानगडीत पडू नका. आतून उमललेली कड निपरनं कापा किंवा छोट्या ड्रिलनं घासून काढा आणि नवीन लावा. एकदा उमललेला पोस्ट पुन्हा नीट उमलत नाही. रिव्हेटलाही (दोन थर कायमचे जोडणाऱ्या धातूच्या खिळीलाही) हेच लागू.

मॅग्नेटच्या बटणाबद्दल एकच सांगणं: त्याचे दोन पाय वॉशरवर वाकवलेत की वरून चामड्याचा किंवा जाड कापडाचा तुकडा चिकटवा. उघडे ठेवलेले पाय काही महिन्यांत अस्तर कुरतडतात. आणि हे बटण अस्तर लागल्यावर आठवलं तर अस्तर उसवण्यावाचून मार्ग नाही.

चामड्यावर काळे-निळे डाग

गिरगावहून एक काका आले होते. वेज-टॅनचा चष्म्याचा डबा, फिकट रंग, शिलाई इतकी सुरेख की आम्हीच बघत राहिलो. आणि झाकणावर पाच-सहा निळसर-काळे ठिपके. त्यांना वाटलं शाई सांडली.

एका अर्थी ती शाईच होती. झाडाच्या साली आणि फळांनी कमावलेल्या, म्हणजे वेज-टॅन, चामड्यात टॅनिन हे तुरट द्रव्य असतं. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावतात, ते याच जातीचं. टॅनिनला लोखंड आणि पाणी मिळालं की काळा रंग तयार होतो. जुन्या काळी हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) एकत्र करून शाई करत, तीच ही क्रिया. काकांनी भोक पाडायच्या पंचाला धार लावली होती, त्याचा बारीक कीस टेबलावर राहिला आणि त्यावर त्यांनी ओलं चामडं ठेवलं. तारेची घासणी, गंजलेली पट्टी, जुन्या चाळीच्या लोखंडी पाइपातून पहाटे येणारं पहिलं लालसर पाणी, यातलं काहीही हे करू शकतं.

उपाय स्वयंपाकघरात आहे. लिंबू अर्धं कापलं, रस गाळला, कापसाच्या बोळ्यानं ठिपक्यावर टेकवत राहिलो. मिनिटाभरात काळा ठिपका राखाडी झाला आणि मग दिसेनासा. नंतर स्वच्छ पाण्यात पिळलेल्या फडक्यानं तो अख्खा भाग पुसला, म्हणजे आम्ल आत राहत नाही आणि ओलाव्याची कडही उमटत नाही. वाळल्यावर तेलाचा हलका हात. हे रंग देण्याआधी करायचं. रंगवलेल्या चामड्यावर लिंबू रंगही फिका करतं, म्हणून आधी आतल्या कोपऱ्यात करून बघा. क्रोम (क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या) चामड्यावर हा डाग सहसा पडत नाही.

पितळेभोवती हिरवट मेण

पितळेच्या कडीभोवती किंवा रिव्हेटखाली हिरवा, मऊ, मेणासारखा थर दिसला तर घाबरू नका. कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात ताक कळकतं, तसंच इथे होतं. पितळेतलं तांबं आणि चामड्यातली चरबी एकमेकांना लागतात. तेल जितकं जास्त तितकं हिरवं जास्त, आणि मुंबईची दमट हवा त्यात भर घालते. काडीनं आणि कोरड्या कापडानं काढा, कडी पुसून घ्या, आणि पुढच्या वेळी तेल हात राखून लावा. तेल लावल्याच्या दिवशीच कडी बसवू नका, एक रात्र जाऊ द्या.

अस्सल पितळ ओळखायची एक साधी खूण. लोहचुंबक चिकटला तर आत लोखंड आहे, ते इथल्या हवेत गंजणार. पण चिकटला नाही म्हणून ते पितळच, असं धरून चालू नका; जस्ताच्या मिश्रधातूलाही चुंबक चिकटत नाही. न दिसणाऱ्या जागी कानशीनं जरा घासा. आत पिवळं दिसलं तर पितळ, पांढुरकं-राखाडी दिसलं तर जस्त. खांद्याच्या बॅगेला जस्ताची कडी आम्ही देत नाही, आणि सांधा न जोडलेली डी-रिंगही (इंग्रजी D आकाराची कडी) नाही. गर्दीच्या लोकलमध्ये पट्टा ओढला गेला की तिचं तोंड उघडतं.

चेन अडकत असेल तर धातूच्या दातांवर मेणबत्ती घासा. चेन मागून उघडत असेल तर बहुतेकदा दात नाही, रनर (चेनवर सरकणारा भाग) सैल झालेला असतो; त्याच्या दोन्ही बाजू पकडीनं अगदी हलक्या दाबा.

अस्तर सुटतं, सुरकुततं, फुगतं

पाकीट मिटलं की आत सुरकुत्या पडतात, ही तक्रार रोजची. पाकीट सपाट ठेवून अस्तर चिकटवलं की हे होणारच. घडीत बाहेरचा थर मोठं अर्धवर्तुळ फिरतो आणि आतला लहान. बाहेरचं चामडं १.४ मिमी आणि अस्तर ०.६ मिमी असेल तर पूर्ण घडीत अस्तर सुमारे ३ मिमी कमी लागतं. सपाट चिकटवलंत तर ते ३ मिमी जाणार कुठे? सुरकुतीत. म्हणून एक बाजू आधी चिकटवा, पाकीट जवळपास मिटलेल्या स्थितीत धरा आणि मग घडीवरून अस्तर दाबत दुसऱ्या बाजूला जा. उघडल्यावर जरा ताणल्यासारखं वाटेल, ते तसंच हवं. जास्तीचं अस्तर शेवटी कापा.

सुटणाऱ्या अस्तराची कारणं दोन. पहिलं, चिकटवायच्या जागी तेल, मेण किंवा फिनिश लागलेलं असणं. गुळगुळीत किंवा फिनिश दिलेली जागा ८० नंबरच्या पॉलिशपेपरनं खरवडून घ्या. शिलाईच्या रेषेपर्यंतच, त्यापुढे नको. दुसरं, घाई. फेविकॉल एसआर ९९८ सारखं चिकटद्रव्य दोन्ही बाजूंना पातळ लावायचं आणि बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं. साधारण दहा-पंधरा मिनिटं, पावसाळ्यात जास्त. ओलं असताना दाबलंत तर आतला द्राव अडकतो आणि फुगे येतात. पावसात आणखी एक होतं. द्राव उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि त्यावर हवेतला ओलावा धरतो. डोळ्यांना दिसत नाही, पण त्यावर पकड बसत नाही. मुसळधार पावसाच्या दिवशी चिकटवण्याचं काम पुढे ढकला. तेवढा वेळ शिलाईला द्या.

मऊ पर्स हवी असेल तर सगळीकडे न लावता कडेला ८-१० मिमीची पट्टीच चिकटवा. सुती अस्तर आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या. आणि हे मनापासून सांगतो: गॅस, समई, उदबत्ती चालू असलेल्या खोलीत हे चिकटद्रव्य आणि स्पिरिटचा रंग उघडू नका. वाफ पटकन पेट घेते. खिडकी उघडी हवी, लहान मूल त्या खोलीत नको.

रंग डागाळतो आणि हाताला लागतो

आधी पाण्याचा थेंब टाकून बघा. चामड्यानं तो शोषला तर रंग घेईल. थेंब मोत्यासारखा वर बसून राहिला तर त्यावर कारखान्यातलं फिनिश आहे आणि डाय (चामड्यात मुरणारा रंग) आत जाणार नाही. असं चामडं रंगवण्याचा हट्ट नको. धारावीतून आम्ही निवडून आणतो त्यातलं बरंचसं चामडं चेन्नई, कानपूर, कोलकात्याहून तयार रंगातच आलेलं असतं. हवा तो रंग आधीच निवडा.

डाग पडण्याचं सर्वांत मोठं कारण चिकटद्रव्य. वरच्या बाजूला पुसट बोट लागलं तरी तिथे रंग शिरत नाही आणि फिकट ठसा उठतो. म्हणून रंग आधी, चिकटवणं नंतर. गडद डाय एकदम ओतू नका. पातळ करून तीन-चार हात द्या, जुन्या धोतराच्या मऊ कापडानं गोल गोल, आणि प्रत्येक हात वाळू द्या.

काळा किंवा निळा डाय वाळल्यावर तांब्यासारखी चमक दिसते. तो वर साठलेला जादा रंग. कोरड्या कापडानं घासत राहा, कापड स्वच्छ येईपर्यंत. हे घासणं टाळलं की रंग कपड्याला लागतो, आणि मग कितीही फिनिश लावा, आतून रंग सुटतच राहतो. बॅगेच्या आतली बाजूही घासा, नाहीतर फिकट अस्तरावर ती पावडर उमटते. शेवटी पांढरा रुमाल आधी कोरडा, मग ओलसर करून वीसदा घासून बघा. भेट द्यायची वस्तू असेल तर ही चाचणी चुकवू नका. लाल रंगाला तर मुळीच नाही.

स्पिरिटचा डाय चामडं कोरडं करतो. एक दिवस थांबून तेलाचा हलका हात द्या, मग फिनिश. पाण्यातलं अॅक्रिलिक फिनिश निम्मं पाणी घालून दोन पातळ हातांत लावा. जाड एक हात घडीवर तडकतो. मेण लावलेल्या जागी ते धरत नाही, म्हणून मेण नेहमी शेवटी.

पांढरी बुरशी की चरबी?

जुलैत कपाट उघडलं आणि बॅगेवर पांढरं दिसलं, की सगळे बुरशी समजून स्पिरिट घेऊन धावतात. आधी हेअर-ड्रायरची कोमट हवा द्या. पांढरं वितळून नाहीसं झालं तर ती चामड्यातलीच चरबी वर आलेली आहे. मऊ कापडानं पुसा, झालं. तसंच राहिलं आणि कुबट वास आला तर बुरशी. घराबाहेर नेऊन कोरड्या ब्रशनं झाडा, वाऱ्यावर सावलीत वाळवा. स्पिरिट रंग उतरवतं, म्हणून लपलेल्या जागी तपासल्याशिवाय लावू नका. चामड्याची वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवू नका. सुती पिशवीत ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या.

एवढं करूनही जमलं नाही तर वस्तू घेऊन या. येताना त्याच चामड्याचा उरलेला तुकडा आणि अस्तराचा तुकडा आणा, कोणतं चिकटद्रव्य, कोणता डाय आणि काय आधी केलं, काय नंतर, हे कागदावर लिहून आणा. तुकडा हातात असला की तुमच्या वस्तूला धक्का न लावता आम्हाला त्यावर करून बघता येतं. बटण बदलून देण्याचे पैसे घेत नाही. फक्त शनिवारी संध्याकाळी गर्दी असते, इतर दिवशी आलात तर शेजारी बसवून दाखवता येईल.