बसवलेली फाइल मूळची आहे, हे कसं ओळखायचं?

कॉम्प्युटरवर बसवलेल्या सॉफ्टवेअरची एखादी फाइल नंतर बदलली, तर ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. कधी डिस्क बिघडू लागते, कधी अपडेट मध्येच तुटतं, तर कधी कुणी घुसखोर चांगला प्रोग्रॅम काढून त्याच नावाचा आपला ठेवतो. नाव, आकार, तारीख सगळं जसंच्या तसं राखता येतं, त्यामुळे नुसतं बघून काही कळत नाही.

लिनक्समध्ये यावर सोय आहे. सॉफ्टवेअरच्या फाइल्सचा एकत्र गठ्ठा म्हणजे पॅकेज. ते तयार होतानाच त्यातल्या प्रत्येक फाइलचा हॅश काढून ठेवतात. फाइलमधल्या सगळ्या बाइट्सवर गणित करून मिळणारी ठरावीक लांबीची संख्या म्हणजे हॅश. एसएचए-२५६ पद्धतीत ती कायम २५६ बिटांची असते, फाइल केवढीही असो. फाइलमधला एकच बिट बदलला, तरी हॅशमधले साधारण निम्मे बिट बदलतात.

फेडोरासारख्या लिनक्स प्रणालीत पॅकेज बसवणाऱ्या आरपीएम या प्रोग्रॅमला पॅकेज तपासायला सांगितलं आणि सगळं जुळलं, तर पडद्यावर काहीच उमटत नाही. फरक असलेल्या फाइलची मात्र एक ओळ येते. तिच्या सुरुवातीला नऊ जागा असतात. जुळलं तिथे टिंब; आकार बदलला तर ‘एस’, परवानग्या बदलल्या तर ‘एम’, वेळ बदलली तर ‘टी’ आणि हॅश बदलला तर ‘५’. हा ५ एमडी५ या जुन्या हॅशच्या काळातला. पद्धत बदलली, खूण तीच राहिली.

ही ओळ नीट वाचायला हवी. पुढे ‘सी’ असेल तर ती सेटिंगची फाइल आहे. तिथे ५ दिसणं स्वाभाविक, कारण सेटिंग माणसं बदलतातच. पण एखाद्या प्रोग्रॅमसमोर ५ आहे आणि ‘टी’ नाही, तर मला ते सर्वांत जास्त खटकतं. मजकूर बदलला आणि वेळ जुनीच, याचा अर्थ डिस्क दगा देते आहे किंवा कुणीतरी वेळ मुद्दाम मागे नेली आहे.

अडचण अशी की मूळ हॅशची नोंदही त्याच यंत्रावर असते. पूर्ण ताबा मिळवलेला घुसखोर ती नोंद बदलेल, तपासणारा प्रोग्रॅमही बदलेल. म्हणून संशय असेल तेव्हा दुसऱ्या स्वच्छ माध्यमावरून यंत्र सुरू करावं आणि डिजिटल सही तपासलेल्या ताज्या पॅकेजशी फाइल्स ताडून बघाव्यात.

तरीही मूळ पॅकेजच दूषित असेल तर? मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल आकुंचित करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट सापडली. ती पॅकेजमध्येच असल्याने अशा तपासणीत सगळं जुळलंच असतं. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला ती सापडली ती एसएसएच लॉगिनला (दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे प्रवेश करण्याला) सुमारे अर्धा सेकंद जादा लागतो, या कारणाचा माग काढताना. चोरवाट जोडणारा एक महत्त्वाचा भाग वाटपासाठी प्रकाशित केलेल्या संग्रहात होता, पण सगळ्यांसमोर असलेल्या गिट भांडारात (जिथे मूळ कोड आणि त्यातले बदल नोंदवतात) नव्हता. हे दोन्ही एकमेकांशी ताडून बघण्याचं काम त्या वेळी सहसा कुणी करत नव्हतं.