अस्थिनामांचे प्रमाणीकरण

निरनिराळ्या प्राण्यांच्या सांगाड्यांची तुलना करताना हाडांची नावे, दिशादर्शक शब्द आणि मोजमापे सर्वांनी एकाच अर्थाने वापरावीत, यासाठी तुलनात्मक शरीररचनाशास्त्रात रूढ झालेली पद्धत. पशुवैद्यक, जीवाश्मशास्त्र आणि प्राणिपुरातत्त्व या तिन्ही शाखांचे काम तिच्यावाचून अडते, तरी तिन्ही शाखांची मिळून एक नामावली अजून झालेली नाही.

गाय बसताना आधी पुढचे गुडघे टेकते, असे आपण म्हणतो. खरे तर ती मनगटे टेकते. तिचे कोपर वर छातीलगत असते. मागच्या पायाचा खरा गुडघा पोटाशी असतो आणि पाहणाऱ्याला उलट्या वाकलेल्या गुडघ्यासारखा वाटणारा सांधा हा घोटा असतो. घोड्याच्या पुढच्या पायात या ‘गुडघ्या’खाली जी लांब नळी दिसते ती माणसाच्या तळहातातले तिसरे हाड, तिच्या दोन्ही अंगांना चिकटलेल्या बारीक काड्या म्हणजे दुसरे आणि चौथे. गायीत तिसरे व चौथे हाड जुळून एकच नळी बनते. गोठ्यात ‘नळी’ हा शब्द पुरतो. मात्र घोडा, गाय आणि वटवाघूळ शेजारी मांडले की कोणती नळी कोणाची, हे सांगावे लागते.

पिएर बेलाँ या फ्रेंच निसर्गअभ्यासकाने १५५५ मध्ये माणसाचा आणि पक्ष्याचा सांगाडा समोरासमोर उभा करून जुळणाऱ्या हाडांना सारखीच अक्षरे दिली. पण हाडे जुळतात हे ठरवायचे कशावरून? आकारावरून म्हणावे तर देवमाशाचा वल्ह्यासारखा अवयव आणि माणसाचा हात जुळणार नाहीत. कामावरून म्हणावे तर कीटकाचा पंख आणि पक्ष्याचा पंख एक ठरतील. झोफ्रॉय सेंत-इलेर यांनी १८१८ मध्ये उत्तर दिले ते शेजाराचे : हाड लांबेल, आखडेल, नाहीसेही होईल, पण त्याचे शेजारी बदलत नाहीत. रिचर्ड ओवेन यांनी १८४३ मध्ये समजात अवयवाची व्याख्या केली. आकार आणि काम कसेही बदलले तरी निरनिराळ्या प्राण्यांत जो अवयव ‘तोच’ असतो, तो समजात. केवळ काम सारखे असेल तर ते कार्यसाम्य.

ओवेन यांचे दुसरे काम कमी नावाजले गेले, पण या विषयात तेच अधिक मोलाचे आहे. त्यांच्या काळी एकाच हाडाला माणसाच्या शारीरात एक नाव होते, माशांच्या ग्रंथात दुसरे आणि फ्रेंच-जर्मन लेखकांचे तिसरे. काही ठिकाणी तर नाव नसून अख्खे वाक्यच होते. १८४८ च्या ग्रंथात ओवेन यांनी या पर्यायी नावांचे तक्ते केले, प्रत्येक हाडाला एकच नाव सुचवले आणि आकृत्यांमध्ये प्रत्येक हाडाला ठराविक क्रमांक दिला. मासा असो की मगर, क्रमांक तोच. डार्विन यांच्या १८५९ च्या ग्रंथानंतर ‘तोच अवयव’ या शब्दांना समान पूर्वजाचा अर्थ मिळाला. तेव्हापासून हाडाला नाव देणे म्हणजे त्याचे मूळ सांगणे झाले, आणि मूळ सांगताना चूकही होऊ शकते.

कार्ल रायकर्ट यांनी १८३७ मध्ये भ्रूणांच्या अभ्यासातून दाखवले की सस्तन प्राण्यांच्या कानातली हातोडी आणि ऐरण ही हाडे सरड्यांच्या जबड्याच्या सांध्यातल्या दोन हाडांशी जुळतात. इथे दोन गटांत दोन नावे राहिली, पण त्यामागचे नाते सर्वमान्य आहे. माशांच्या कवटीत उलटे झाले. डोळ्यांच्या मधल्या हाडांच्या जोडीला माणसाच्या कपाळावरून ललाटास्थी म्हटले गेले. पुढे पुरातन मांसलपर माशांच्या जीवाश्मांत याच जोडीच्या मधोमध ‘तिसऱ्या डोळ्या’चे छिद्र दिसले. चतुष्पादांत हे छिद्र त्याच्या मागच्या जोडीत, पार्श्विकास्थींमध्ये, असते. म्हणजे माशाचे ललाटास्थी हे वास्तविक पार्श्विकास्थी. नाव मात्र तोवर साहित्यात मुरले होते. आजही काही मत्स्यअभ्यासक जुने नाव वापरतात, काही नवे, आणि वाचकाला लेखक कोणत्या पंथाचा ते आधी पाहावे लागते.

पक्ष्याच्या पंखातली तीन बोटे हा असाच जुना वाद. भ्रूण पाहणारे ती दुसरे-तिसरे-चौथे म्हणतात, डायनोसॉरचे जीवाश्म पाहणारे पहिले-दुसरे-तिसरे. पक्षिशारीराच्या आंतरराष्ट्रीय नामावलीच्या १९९३ च्या आवृत्तीने क्रमांक टाळून त्यांना अल्युलाचे (पंखाच्या पुढच्या कडेवरच्या छोट्या पिसांच्या झुबक्याचे), मोठे आणि लहान बोट अशी नावे दिली. वाद मिटेपर्यंत काम थांबू नये म्हणून काढलेली ही शहाणी पळवाट आहे.

माणसापुरते काम जर्मन शारीरज्ञांनी १८९५ मध्ये बाझल येथे केले. प्रचारात असलेल्या सुमारे ५०,००० नावांतून सुमारे ५,५०० नावे निवडली गेली. पाळीव सस्तन प्राण्यांची नामावली १९६८ मध्ये आली, पक्ष्यांची १९७९ मध्ये. पाळीव प्राण्यांच्या नामावलीचा मोठा उपकार दिशांबाबत आहे. माणूस उभा चालतो, म्हणून त्याची ‘पुढची’ बाजू म्हणजे पोट. कुत्र्याची ‘पुढची’ बाजू म्हणजे डोके. त्यामुळे पुढे-मागे हे शब्द डोळ्यासारखे काही भाग वगळता काढून टाकले आणि डोक्याकडे, शेपटीकडे, पाठीकडे, पोटाकडे असे शब्द ठरवले. खुद्द डोक्यात ‘डोक्याकडे’ म्हणून भागत नाही, म्हणून तिथे ‘मुस्कटाकडे’. डायनोसॉर अभ्यासकांपैकी अनेकांनी हा बदल न स्वीकारता जुने पुढे-मागेच ठेवले.

याचा एक धागा चंद्रपूर जिल्ह्यात पोचतो. तिथल्या डोंगरगावच्या लॅमेटा थरांत सापडलेल्या लांबमान्या डायनोसॉरचे वर्णन जैन आणि बंदोपाध्याय यांनी १९९७ मध्ये टायटॅनोसॉरस या प्रजातीत केले. मूळ टायटॅनोसॉरस हे नाव लिडेकर यांनी १८७७ मध्ये जबलपूरच्या शेपटीच्या मणक्यांना दिले होते. पुढून खोलगट, मागून गोळ्यासारखे फुगीर, ही त्यांची खूण. पुढे अशी शेपटी अनेक जातींत सापडली, तेव्हा विल्सन आणि अपचर्च यांनी २००३ मध्ये ते नाव अग्राह्य ठरवले आणि डोंगरगावच्या प्राण्याला आयसिसॉरस हे नाव दिले. याच विल्सन यांनी १९९९ मध्ये लांबमान्यांच्या मणक्यांवरच्या हाडांच्या पातळ पट्ट्यांची नावे लावून दिली होती. त्यांचे सूत्र साधे : पट्टी कोणत्या दोन टोकांना जोडते, ती टोके म्हणजेच तिचे नाव. पुणे-सातारा रस्ता म्हटल्यावर तो कसा वळतो हे सांगावे लागत नाही, तसेच.

उत्खननातल्या हाडांसाठी नावाबरोबर मापही ठरवावे लागते. आंगेला फोन डेन ड्रीश यांच्या १९७६ च्या मार्गदर्शिकेने प्रत्येक हाडाची मापे कोणत्या बिंदूपासून कोणत्या बिंदूपर्यंत घ्यायची ते आखून दिले. ‘जीएल’ म्हणजे कमाल लांबी, ‘बीडी’ म्हणजे धडापासून दूरच्या टोकाची रुंदी. इनामगावसारख्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीतल्या हाडांचा अभ्यास पुण्याच्या डेक्कन कॉलेजात झाला. अशा कामात शेळी आणि मेंढी वेगळी ओळखणे अनेकदा मोजक्या हाडांच्या बारीक खुणांवरच अवलंबून असते. न जमल्यास ‘शेळी/मेंढी’ असा प्रामाणिक रकाना ठेवतात.

संगणकासाठी हे सारे पुन्हा लिहावे लागले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युबेरॉन या प्रणालीत प्रत्येक अवयवाला क्रमांक आहे आणि तो कशाचा भाग, कशाला जोडलेला, हे संबंध नोंदलेले आहेत. समजाततेचा दावा नावात न मिसळता वेगळा ठेवला आहे, म्हणजे मत बदलले तरी क्रमांक बदलत नाही.

मराठी परिभाषा संस्कृतावरून आणि माणसाच्या शरीरावरून घडली. ऊर्वस्थी म्हणजे मांडीचे हाड, हे नाव बेडकालाही चालते. अंतःप्रकोष्ठास्थी आणि बहिःप्रकोष्ठास्थी ही कोपर ते मनगट या भागातल्या दोन हाडांची जोडी मात्र तळवे पुढे करून उभ्या राहिलेल्या माणसासाठी आहे. घोड्यात ‘बहिः’ म्हटलेले हाड समोर येऊन सगळा भार पेलते आणि ‘अंतः’ म्हटलेले त्याच्या मागे चिकटून राहते, तरी दोन्ही नावे तीच ठेवावी लागतात.