मेपलच्या नळीत ओढ आली कुठून?

अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडातल्या क्यूबेकमध्ये हिवाळा सरताना रात्री पाणी गोठतं, दुपारी बर्फ वितळतो. याच चढउतारामुळे शुगर मेपल या झाडाच्या खोडात दाब तयार होतो आणि भोक पाडलं की रस ठिबकू लागतो. त्यात साखर जेमतेम दोन टक्के, म्हणजे लिटरभर मेपल सिरपला, त्या घट्ट गोड पाकाला, चाळीसेक लिटर रस आटवायचा. मूळ रहिवासी तो बर्चच्या सालीच्या भांड्यांत धरत. पुढे बादल्या आल्या, पण बर्फ तुडवत झाडोझाड फिरणं सुटलं नाही.

न्यूयॉर्क राज्यातल्या विल्यम ब्राउअर यांनी १९१०च्या दशकात झाडांचा रस वाहून आणणारं धातूच्या नळ्यांचं जाळं काढलं. कल्पना नेमकी होती, साहित्याने घात केला: नळ्या गोठत, सांधे गळत. प्लास्टिकची लवचीक नळी यायला १९५०चं दशक उजाडलं. नेल्सन ग्रिग्ज, जॉर्ज ब्रीन आणि रॉबर्ट लॅम्ब ही ती घडवणाऱ्यांतली तीन नावं.

सुरुवातीला या नळ्यांना हवेसाठी वाट ठेवत. ती बंद केल्यावर उताराने धावणारा रसच मागे ओढ, म्हणजे शोषण, निर्माण करतो आणि रस वाढतो, हे लक्षात आलं. मग नळीतली हवा खेचून ही ओढ वाढवणारे व्हॅक्यूम पंप आले. मोठ्या बागांचं गणित त्यांनी पालटलं. परसातली वीस-पंचवीस झाडं असणाऱ्याला मात्र पंप, वीज आणि देखभाल परवडणारी नव्हती.

त्याची सोय झाली ती नळी बारीक केल्यावर. २०१०च्या सुमारास व्हरमाँट विद्यापीठाच्या टिम विल्मट यांनी रूढ ५/१६ इंचाऐवजी ३/१६ इंची नळी वापरून पाहिली. रुंद नळीत हवेचे बुडबुडे रसाच्या बाजूने निसटतात. बारीक नळीत, स्ट्रॉमध्ये अडकलेल्या सरबतासारखा, रस नळीभर धरून राहतो आणि त्याचं वजनच वरच्या झाडांना ओढतं. नऊ-दहा मीटर उतार मिळाला तर ही ओढ पंपाच्या तोडीची असते. मला तरी या सगळ्या इतिहासातली सर्वांत देखणी युक्ती हीच वाटते, कारण तिच्यात यंत्रच नाही.

मेख दुसऱ्या हंगामात कळते. जिवाणूंचा बुळबुळीत थर साचून बारीक वाटा तुंबतात आणि रस घटतो, म्हणून नळ्यांची सफाई आणि झाडात ठोकलेल्या तोट्या बदलणं चुकत नाही. सपाट जमिनीवर तर ही युक्ती चालतच नाही; तिथे हौशी मंडळी बॅटरीवरचा १२ व्होल्टचा छोटा डायफ्रॅम पंप जोडतात.