‘रिम 14 इंची ना? मग कारचा जुना टायर चालतो’

बोटीच्या ट्रेलरबद्दलचा हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतोय. रिमवर टायर चढतो, हे खरं. पण चढणं वेगळं आणि भार पेलणं वेगळं.

ट्रेलरच्या टायरवर ‘एसटी 205/75 आर 14’ असं काही लिहिलेलं असतं. 205 म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी, 75 म्हणजे रुंदीच्या तुलनेत टायरच्या बाजूच्या भिंतीच्या उंचीची टक्केवारी, 14 म्हणजे रिम. या टायरचा व्यास साधारण 663 मिमी भरतो. कारच्या 185/65 आर 14 चा भरतो 596. रिम तीच, पण टायर तब्बल 67 मिमी बुटका! उलट मोठा बसवला तर पहिल्याच खड्ड्यात मडगार्डला घासेल.

सुरुवातीचं ‘एसटी’ ट्रेलरसाठीच्या टायरचं. त्याच्या बाजूच्या भिंती कडक असतात, म्हणून मागची बोट कमी झुलते. कारचा टायर ट्रेलरला लावायचाच, तर त्याची भारक्षमता 1.1 ने भागून धरतात, म्हणजे 600 किलोचा टायर जेमतेम 545 चा.

वजन धरताना नुसती बोट धरू नका. इंजिन, बॅटरी, नांगर, खुद्द ट्रेलर, सगळं आलं. 100 लिटर पेट्रोलच 75 किलोच्या आसपास जातं, आणि नेमकं तेच लोक विसरतात.

बोल्टची संख्या जुळली म्हणून चाक बसेल असंही नाही. भोकांच्या वर्तुळाचा व्यासही जुळायला हवा.