2047 प्राइम नाहीये!

इंदूरात भंवरकुआंच्या कोचिंगवाल्या पोरांमधे एक मेसेज फिरत असतो, की 2 चा घातांक प्राइम (म्हणजे 1 आणि स्वतः सोडून कशानेच भाग न जाणारी संख्या) घ्या, आलेल्यातून 1 वजा करा, प्राइमच मिळणार. साफ चूक आहे हे! 3, 7, 31, 127 पर्यंत जमतं म्हणून लोकं फसतात, पण घातांक 11 घेतला की येतं 2047, म्हणजे 23 गुणिले 89, वहीत करून बघा ना. 1644 मधे खुद्द मर्सेनने, म्हणजे असे प्राइम ज्याच्या नावाने ओळखले जातात त्या फ्रेंच गणितीने, घातांक 67 चालतो असं लिहिलेलं, शेवटी 1903 मधे अमेरिकन गणिती कोल यांनी त्या घातांकाने येणाऱ्या संख्येचे अवयवच काढून दाखवले, 193707721 आणि 761838257287, तेही कॉम्प्युटर नसताना! उलटं मात्र खरंय, उत्तर प्राइम हवं तर घातांक प्राइमच लागतो. 2024 मधे सापडलेल्या 4 कोटींहून जास्त अंकी प्राइमचा घातांक 136279841 प्राइमच आहे, पण तेवढ्यावर भागत नाही, वेगळी टेस्ट करावीच लागते.