यान परत येताना अँटेना जळतो? नाही हो!
अंतराळातून परतणारी कॅप्सूल वातावरणात शिरली की काही मिनिटं रेडिओवरचा अंतराळवीरांचा आवाज गायब होतो, आणि 'अँटेना तापून गेला' असं लोक वर्षानुवर्षं ठोकून देतायत. अहो, जळला असता तर पॅराशूट उघडायच्या आधीच आवाज परत कसा आला असता? खरी भानगड प्लाझ्माची. यानापुढची हवा दाबली जाऊन इतकी तापते की इलेक्ट्रॉन सुटे होतात (हाच प्लाझ्मा), आणि दर घन सेंटिमीटरला साधारण 6,000 कोटी झाले की संपर्काची 2.2 गिगाहर्ट्झची रेडिओ लहर आरशावर आपटल्यासारखी मागे फिरते, वर अँटेनाचं ट्यूनिंग बिघडतं ते वेगळंच. नासाच्या स्पेस शटलच्या वरच्या बाजूला प्लाझ्मा विरळ असायचा, म्हणून ते वर टीडीआरएस या संदेश पुढे पाठवणाऱ्या उपग्रहाशी बोलायचं. मार्च 2024 मधे तर स्पेसएक्सच्या स्टारशिप यानाने वरच्या स्टारलिंक इंटरनेट उपग्रहांवरून तो प्लाझ्माच लाइव्ह दाखवला!